पुढचा बंपर

१

दादाला दादा म्हणणारा सख्खा माणूस जगात एकच होता, त्याचा धाकटा भाऊ बारक्या. पण बारक्याचा आवाजच असा खणखणीत, की त्याचं ऐकून अख्खी गल्ली दादाला दादा म्हणायला लागली आणि दादाच्या बायकोला वहिनी. बारक्या म्हणायला बारक्या. अंगाने चांगला दांडगा, दारातून आत येताना मान वाकवणारा. लहानपणी चिकटलेलं नाव, ते काय मिशा फुटल्या म्हणून सुटतंय थोडंच!

दादाचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. बारक्या पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, कोणी सांगितलं तर भिंतीसुद्धा. आपापली कामं उरकली की दोघं मागच्या खोलीत टेबलाला समोरासमोर बसत आणि प्लास्टिकच्या छोट्या मोटारी जोडत. बारक्या खिडकीकडच्या बाजूला, कारण रंगाला उजेड लागतो. वहिनी म्हणायची, "केस पिकले तरी खेळण्यातून बाहेर यायचं नाव नाही!" म्हणायची, आणि चहा तिथेच आणून द्यायची.

कामाची वाटणी ठरलेली. जोडणं दादाचं, रंगवणं बारक्याचं. आणि सगळ्यात आधीचं काम, क्रोम उतरवणं, तेही दादाचंच. अशा मॉडेलच्या खोक्यात बंपर, समोरची जाळी, चाकांच्या वाट्या, आरसे असले चकाकणारे भाग येतात. प्लास्टिकवर चांदीसारखा पातळ मुलामा. पोराटोरांना तो आवडतो, पण जाणत्याच्या डोळ्यांत सलतो. नव्या चमच्यासारखा भडक दिसतो, त्याच्यावर गोंद धरत नाही, आणि खाली साच्याची रेघ तशीच राहते. म्हणून आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात कपड्यांचं ब्लीच घ्यायचं, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, आणि भाग आत सोडायचे. बारीक बुडबुडे येतात आणि बघता बघता चमक विरून जाते. टूथब्रशने घासून धुतलं की उरतं साधं पांढरं प्लास्टिक. त्यावर बारक्या आधी चकचकीत काळा द्यायचा, मग आपला चंदेरी, असा की बंपर खऱ्या पत्र्याचा वाटावा.

थंडी सरता सरता एका दुकानाची पाटी रंगवताना बारक्या शिडीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. त्याने हौसेने आणलेला एक खोका तसाच बंद राहिला. लांबलचक जुनी मोटार, नाकापासून शेपटापर्यंत क्रोमच क्रोम. दादा रोज मागच्या खोलीत जायचा, खोक्याकडे बघत बसायचा आणि परत यायचा.

शेवटी वहिनीनेच तोंड उघडलं. "उघडा हो तो. नुसतं बघत बसून काय भाऊजी परत येणार आहेत?" बोलून गेली आणि मग पदराने डोळे पुसत बसली.

दादाने खोका उघडला. हात आपसूक चालायला लागले. डबा, ब्लीच, मोजे. समोरची जाळी आणि चाकांच्या वाट्या आत सोडल्या, घासल्या, धुतल्या. धुताना त्याला वाटलं, बारक्या रंगवताना शीळ घालायचा तीच आपणही घालावी. वर्षानुवर्षं एकच गाणं, कान किटून जायचे. त्याने ओठांचा चंबू केला, पण गाणं काही आठवेना.

२

"अगं, बारक्या शीळ कुठल्या गाण्याची घालायचा?" दादाने जेवताना विचारलं.

"शीळ?" वहिनीने ताटातून मान वर केली. "भाऊजी कुठे शीळ घालायचे?"

दादा तिच्याकडे बघतच राहिला. हीच बाई रोज स्वयंपाकघरातून ओरडायची, "भाऊजी, घरात कुकर आहे तेवढा पुरे!" आणि बारक्या मुद्दाम आणखी जोरात घालायचा. मग त्याने मनाची समजूत घातली. दुःखात माणूस काय काय विसरतो. आपल्यालाही गाणं आठवत नाहीच की.

दुसऱ्या दुपारी त्याने दारांची हँडलं, आरसे आणि खिडक्यांच्या पट्ट्या उतरवल्या. ब्लीच संपत आलं म्हणून तो लाँड्रीवाल्याकडे गेला. ब्लीच नेहमी त्याच्याकडूनच यायचं. लाँड्रीवाला म्हणजे बारक्याचा जिगरी दोस्त. बारक्या गेला तेव्हा घरच्यांपेक्षा तोच ढसाढसा रडला होता, आवरता आवरेना. त्याच्या दुकानाची पाटीही बारक्यानेच रंगवलेली.

"पाटी फिकी पडायला लागली रे," दादा म्हणाला. "बारक्या असता तर उन्हाळ्याआधी हात फिरवला असता."

"कोण?" लाँड्रीवाल्याने बाटली भरता भरता विचारलं. "पेंटर आहे का तुमच्या ओळखीचा? असला तर पाठवा ना."

"थट्टा करतोस?"

"थट्टा कसली? खरंच पाठवा. हल्ली चांगला माणूस मिळतो कुठे!"

लाँड्रीवाल्याचा चेहरा सरळ होता. मेल्या माणसावरून थट्टा करणाऱ्यातला तो नव्हेच. दादा बाटली घेऊन घरी आला. वाटेत त्याने बरीच कारणं शोधली. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभा असतो बिचारा, डोकं ठिकाणावर नसेल. नाहीतर दुःखच इतकं मोठं, की मनाने दार लावून घेतलं असेल. पण एकही कारण त्याला धड पटलं नाही, आणि रात्री बारक्याचं हसणं आठवायला गेला तर तेही सापडेना.

३

आता मुलाम्याचे दोनच भाग उरले होते. मागचा बंपर आणि पुढचा बंपर. दादाने मागचा उचलला. बाहेर टळटळीत दुपार होती. गल्लीत कोणीतरी गादी झोडत होतं.

बंपर बाकदार, त्यामुळे त्यात खोली वाकून, लहान होऊन दिसत होती. खिडकी, टेबल, दिवा, भिंतीवरचं कपाट. सगळं जिथल्या तिथे. फक्त दादा त्यात नव्हता.

त्याने बंपर जवळ धरला, लांब धरला, तिरका केला. ज्याच्या हातात आहे त्याचा चेहरा आधी दिसायला हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या जागी रिकामी खुर्ची होती. आणि खिडकीकडच्या खुर्चीवर मात्र कोणीतरी बसलं होतं. रुंद खांदे, वाकलेली मान, कामात बुडालेलं.

दादाने मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती. उन्हाचा एक पट्टा तिच्यावर पडला होता.

त्याने पुन्हा बंपरात बघितलं. तो माणूस हलला. बाहीने नाक पुसलं.

दादाच्या हातून बंपर निसटला आणि थेट डब्यात पडला. "अरे अरे अरे!" म्हणत त्याने मोजे न घालताच हात आत घातला. पण बंपर आडवा होऊन तळाला चिकटला, धरू गेलं की निसटायचा. हाती आला तेव्हा चांदी गेली होती. बोटांच्या चिमटीत नुसतं पांढरं प्लास्टिक.

त्याच क्षणी आतून काहीतरी ओढून काढल्यासारखं झालं. दादा तसाच उठला, ओल्या हातांनी बाहेरच्या खोलीत गेला आणि दोघा भावांच्या फोटोसमोर उभा राहिला. त्यातला एक तो स्वतः होता. दुसरा कोणी दांडगा माणूस खांद्यावर हात टाकून उभा होता. हाच बारक्या असणार, हे त्याला डोक्याने कळत होतं. पण चेहऱ्याची ओळख काही पटेना.

तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय उतरवत होतो. स्वतःच्या हातांनी, खिडकी उघडी ठेवून, सगळं नीट रीतसर. तो फोटोखाली बसला आणि हमसून हमसून रडला.

४

पुढचा बंपर त्याने ब्लीचच्या आसपासही नेला नाही. मऊ फडक्यात गुंडाळून ठेवला, आणि दुपार झाली की खिडकीच्या उजेडात काढून बघत बसायचा.

बारक्या त्यात असायचा. हरवलेला चेहरा दादाला तिथूनच परत मिळाला. गालावरचा खड्डा, दाट भुवया, कपाळावर पुसलेल्या रंगाचा डाग. एवढासा, तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा, पण होता. दादाला इतका आनंद झाला की तो एकटाच हसायचा. "काय रे गाढवा," तो बंपरला म्हणायचा, "जेवलास का?"

पण बारक्या वर बघायचा नाही. आणि तो रंगवतही नव्हता.

दादाला हे कळायला वेळ लागला, आणि तेही आधी कानांनी कळलं. खोली शांत असली की एक आवाज यायचा. खसखस, खसखस. उंदीर म्हणावा तर उंदीर नाही. कपाट हलवून बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. मग एका दुपारी त्याने भिंगाखाली बंपर धरला आणि बारक्याचे हात बघितले. पुढ्यात डबा होता. एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातात चकाकणारं काहीतरी. मोजे घातले नव्हते. बोटं लाल झाली होती.

"अरे, मोजे घाल की!" दादा ओरडला. "ते काम तुझं नाही, माझं आहे!"

बोलला आणि त्याचं त्यालाच उमजलं. दादाचं काम बारक्या करत होता, कारण करायला तिकडे दादा नव्हता. तिकडची दादाची खुर्ची रिकामी होती ती काही उगीच नाही. तिकडे बारक्या हयात होता, आणि थोरल्या भावामागे राहिलेला खोका एकटा उघडून बसला होता. शिकवलं होतं तसं आधी उतरवत होता. मधूनच थांबून बाहीने डोळे पुसत होता आणि पुन्हा घासत होता.

५

संध्याकाळी वहिनीने चहा आणला. कप हातात देताना ती घुटमळली.

"साखर किती घालू?"

"साखर?" दादाने विचारलं. "इतकी वर्षं किती घालतेस?"

"तेच आठवेना हो," ती ओशाळून हसली. "वय झालं माझं."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याने शर्ट बांधून ठेवले होते, पण चिठ्ठी लावायला नाव विचारलं. आदल्याच दिवशी ज्याचा काटा दुरुस्त केला, तो किराणावाला रस्त्यात समोरून आला आणि अनोळखी माणसाला देतात तशी वाट देऊन निघून गेला. आणि त्या रात्री वहिनीने एकच ताट वाढलं. वाढून झाल्यावर त्याच्याकडे बघून दचकली, मग घाईघाईने दुसरं काढलं.

मग दादाने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शिळेपासून किराणावाल्यापर्यंत. वहिनी शहाणी बाई. मध्ये एकदाही बोलली नाही. सांगून झाल्यावर तिने बंपर मागून घेतला, चष्मा लावून बघितलं.

"मला खिडकी दिसते," ती म्हणाली. "आणि माझं नाक."

"मग मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हणत मी." तिने बंपर टेबलावर ठेवला, हात पदराला पुसले. "तिकडे ते भाऊजी एकेक भाग धुतायत आणि इकडे तुम्ही पुसले जाताय, असंच ना? मग हा तुमच्याकडचा बंपर टाका त्यात. तेच राहिले नाहीत तर धुणार कोण?"

"टाकला तर तो जाईल गं. साफ जाईल. होता म्हणून सांगायलासुद्धा कोणी उरणार नाही."

"आणि नाही टाकला तर तुम्ही जाल."

"मी थोरला आहे," दादा म्हणाला.

"आणि मी कोण आहे?" वहिनी एकदम चिरक्या आवाजात म्हणाली. "थोरला आहे म्हणे! माझा काही विचार? एके दिवशी मी दार उघडेन आणि तुम्हाला विचारेन, कोण पाहिजे म्हणून. चालेल तुम्हाला?"

दादाने बंपर फडक्यात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्या दिवसापासून तो खिशातच राहिला.

६

आणि तसंच झालं. दादा मागच्या खोलीत बसला होता. वहिनी केर काढायला आत आली, आणि किंकाळी फोडून भिंतीला टेकली. हातातला झाडू तिने पुढे धरला होता.

"कोण तुम्ही? आत कसे आलात?"

"अगं, मी."

"बाहेर व्हा! शेजाऱ्यांना बोलावते मी!"

त्याने जागचं न हलता तिच्याशी बोलणं चालू ठेवलं. लग्नात तिच्या बांगडीने त्याला ओरखडा आला होता ते सांगितलं, तिने पहिल्यांदा शिवलेल्या शर्टाला एक बाही लांब होती ते सांगितलं. हळूहळू तिचे डोळे ओळखीचे झाले. झाडू गळून पडला. ती तिथेच जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. दादाने तिला उठवलं, आतल्या पलंगावर नेऊन बसवलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, पाठ करावा तशी.

ती जरा शांत झाल्यावर तो मागच्या खोलीत आला आणि बंपर काढला.

खसखस थांबली होती. तिकडे बारक्याच्या हातात एकच भाग उरला होता, असाच बाकदार, असाच लांब. डबा पुढ्यात उघडा होता. बारक्याने तो भाग डब्यावर धरला.

"बारक्या!" दादाने टेबलावर मूठ आपटली. दिवा पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. "बारक्या, अरे इकडे बघ. एकदा बघ रे!"

बारक्याचा हात थांबला. त्याने तो भाग डोळ्यांजवळ नेला. त्यावर तोंडाची वाफ सोडली, अंगठ्याने पुसला, पुन्हा बघितलं. आणि मग त्याने वर बघितलं, म्हणजे सरळ दादाकडे. तांदळाएवढ्या चेहऱ्यावर तोंड हललं. आवाज आला नाही, पण दादाला तो शब्द कसा कळणार नाही? उभ्या आयुष्यात तेवढीच तर हाक मारली होती त्याने.

बारक्याने डब्याला झाकण लावलं. तो भाग उराशी धरला, मग शर्टाच्या खिशात ठेवला. आणि एवढा मोठा दांडगा माणूस टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.

म्हणजे तोही उतरवणार नाही. दोघंही राहणार, तो तिकडे, हा इकडे. किती दिवस दादाला धड झोप नव्हती. उठून बायकोला सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण आधी पाच मिनिटं डोळे मिटू दे, म्हणून त्याने खुर्चीतच मान मागे टाकली. बंपर उजेडात, टेबलावर होता. त्यातल्या बारक्याकडे बघता बघताच त्याचा डोळा लागला.

झोपेत त्याला खसखस ऐकू आली. तिकडे आवाज येतोय, असं त्याला वाटलं. पण तिकडचं तर संपलं होतं. बारक्याने झाकण लावलेलं त्याने स्वतः बघितलं होतं. ब्लीचचा वास नाकात गेला. त्याने महाप्रयासाने डोळे किलकिले केले. टेबलाशी त्याच्याकडे पाठ करून एक बाई उभी होती. तिचे खांदे गदगदत होते आणि कोपर पुढेमागे हलत होतं.

"भाऊजी, माफ करा," ती म्हणत होती. "तुम्ही कसे होता ते मला आठवत नाही, पण माफ करा. मला हे पाहिजेत हो. मला हे पाहिजेत."

नको, असं त्याला ओरडायचं होतं. कशाला नको, ते मात्र तोंडाशी येईपर्यंत निसटून गेलं.

७

आता तिला वहिनी म्हणणारं कोणी नाही, तेव्हा आपणही तिला त्याची बायकोच म्हणू. गल्लीत त्याला काटेवाले म्हणतात. लाँड्रीवाला चिठ्ठीवर न विचारता त्याचं नाव लिहितो, किराणावाला हाक मारून बोलावतो. बायको चहात बरोबर साखर घालते. बाहेरच्या खोलीत एक फोटो आहे, त्यात त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते दोघांनाही सांगता येत नाही, पण काढायचं म्हटलं की कोणाचाच हात धजत नाही.

मोटार त्याने जोडून पुरी केली. सांधे असे बसले की नख फिरवलं तरी लागत नाही. सगळे भाग स्वच्छ उतरवलेले, पुढचा बंपरसुद्धा. आणि तशीच, पांढरीफटक, ती टेबलावर उभी होती.

"रंगवत का नाही?" एका दुपारी बायकोने विचारलं. "एवढी छान झाली आहे, तर अशी ठेवलीत काय?"

"ते माझं काम नाही," तो म्हणाला.

"मग कोणाचं?"

"रंगवणाऱ्याचं."

"कोण रंगवणारा?"

त्याने सांगायला तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर असल्यासारखं वाटलं. तो थांबला, भुवया आक्रसून त्याने आठवून बघितलं. शेवटी त्याने नुसती मान हलवली.

बायकोचे डोळे भरून आले. तिने पुसले, पुन्हा भरून आले.

"अगं, रडतेस कशाला?"

"माहीत नाही हो," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

त्याने मोटार उचलली आणि हलकेच टेबलाच्या पलीकडे, खिडकीकडच्या बाजूला सरकवली. तिकडे उजेड चांगला होता. रंगाला उजेड लागतो, एवढं त्याला माहीत होतं. मग ती दोघं तिथेच बसून राहिली, कोणीतरी यायचं असल्यासारखी.